ट्रक कोण चालवत होतं?

१

डेल लाहटी वाळवंटात मेला तेव्हा मी चार वर्षांची होते. आखाती युद्ध संपलं होतं. आमच्या भागातली राखीव दलाची पोरं तंबूत बसून घरी परतायच्या हुकमाची वाट बघत होती. अशातच एके दिवशी भर दुपारी एक लष्करी ट्रक तळावरून सुसाट निघाला आणि थोड्या अंतरावर खड्ड्यात जाऊन कोलांट्या खात पुन्हा चाकांवर उभा राहिला. आतले दोघंही बाहेर फेकले गेले. डेल जागच्या जागी गेला. दुसरा वाचला, तो माझा बाप, अर्विड ओयाला.

बाबांनी लगेच कबुली दिली. ट्रक मी पळवला, मला घरी जायचं होतं, डेल मला अडवायला आत चढला. खटला नको असेल तर सही करून फौज सोड, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी सही केली आणि ‘सन्मानाशिवाय सेवामुक्त’ असा शिक्का घेऊन ते पाइक बे गावी परत आले.

आमचं गाव अमेरिकेच्या उत्तर टोकाला, सुपीरियर सरोवराच्या काठावरचं, एवढंसं. डेल इथलाच आणि त्यांच्या लष्करी कंपनीतले निम्मे लोकही इथलेच. गावाने बेसबॉलच्या मैदानाला डेलचं नाव दिलं. बाबांना काय नाव दिलं ते मी शाळेच्या बसमध्ये ऐकलं आणि रडत घरी आले. बाबा म्हणाले, “म्हणू देत, पोरी.” बस्स. पुढची सगळी वर्षं त्यांनी लाकडाच्या गिरणीत काम केलं, आई गेल्यावर मला एकट्याने वाढवलं, आम्हा फिनिश लोकांच्या रीतीप्रमाणे दर शनिवारी वाफेच्या आंघोळीचा सौना तापवला. त्या ट्रकबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही.

गेल्या वर्षी पानगळीच्या दिवसांत त्यांना जिना चढवेना. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं गेली आहेत. युद्धात तेलविहिरी पेटल्या होत्या, त्यांचा धूर. माजी सैनिकांच्या रुग्णालयात यावर सगळे उपचार होतात, तिकडे न्या. नेलं. तिथल्या बाई स्वभावाने चांगल्या होत्या, त्यांनी दोनदा तपासून पाहिलं. मग म्हणाल्या, “या शिक्क्यावर नाही होत हो. मला खरंच वाईट वाटतं.”

परतीच्या वाटेवर बाबा धापा टाकत म्हणाले, “सांगितलं होतं तुला, मला घेणार नाहीत.”

दुसऱ्या दिवशी मी त्यांना न सांगता बर्निस कादोतकडे गेले. बर्निसबाई आमच्या जिल्ह्याच्या माजी सैनिक अधिकारी. स्वतः नौदलात उमेदीची वर्षं घालवून आलेल्या. बाई इथल्या मूळच्या ओजिब्वे जमातीच्या, केस पांढरे, आवाज घोगरा, आणि तोंडात सदा ज्येष्ठमधाची काळी गोळी. माझं सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी सांगितलं की इतकी वर्षं उलटल्यावर एकच दार उरतं, फौजेच्या नोंदी दुरुस्त करणारं मंडळ. तिथे नुसती दया मागून भागत नाही, चूक झाली किंवा अन्याय झाला हे दाखवावं लागतं.

“पण चूक तर बाबांनीच केली,” मी म्हटलं.

बर्निसबाईंनी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात ढकलली. “मारिटा, एक सांग. तुला तळावरून पळायचंय. तू भर दुपारी, सगळ्या कंपनीच्या नाकासमोरून निघशील?”

“नाही.”

“मग तुझा बाप का निघाला?”

हा प्रश्न इतक्या वर्षांत मला एकदाही सुचला नव्हता.

२

पहिल्यांदा आम्ही गेलो लुआन बेसोलोकडे. आता ती गावात पास्टीचं दुकान चालवते. मांस-बटाटा भरलेल्या तिच्या पास्टीसाठी लोक लांबून येतात. तेव्हा ती कंपनीची वैद्यकीय सहायक होती. मला बघून तिचा चेहरा उतरला.

“मी आजवर तुझ्याकडे कधी बघितलं नाही, मारिटा, ते रागाने नव्हे,” कणीक मळता मळता ती म्हणाली. “डेल माझ्या हातात गेला. तुझ्या बापाला बघितलं की तेच आठवायचं.”

बर्निसबाई म्हणाल्या, “आम्हाला अर्विडबद्दल सांग. त्याला आणलं तेव्हा कसा होता?”

“खांदा मोडलेला, डोकं फुटलेलं. जखम धुवायला मला कितीतरी पाणी लागलं, कारण...” ती थांबली. “कारण फेस होत होता. त्याच्या केसांत साबण होता.”

“साबण?”

“हो ना. मी विसरलेच होते बघ. अंगात नुसती अर्धी चड्डी आणि ओला बनियन. पायांचे तळवे सोललेले. खडी रुतली होती, ती मी चिमट्याने काढली.”

“म्हणजे बूट नव्हते.”

“बूट कुठले! एका पायात आंघोळीची सपाता होती, दुसरी वाटेत कुठेतरी पडली असणार.”

बर्निसबाईंनी खिडकीतून बाहेर बघत शांतपणे विचारलं, “लुआन, तळ सोडून पळणारा माणूस निदान बूट तरी घालतो ना गं?”

लुआनचे हात कणकेतच राहिले.

३

गॉर्डी स्टेनरूसचं गॅरेज महामार्गावर आहे. उंच, थोराड माणूस. बाबा शेजारी उभे राहिले तर त्याच्या काखेत मावतील. कंपनीच्या गाड्यांचा मेकॅनिक तोच होता आणि अपघातातला ट्रक त्यानेच ओढून आणला होता. आम्ही नुसतं ट्रकचं नाव काढलं आणि त्याला घाम फुटला.

“ब्रेक चांगले होते! आधीच सांगून ठेवतो!”

मला आशा वाटली. बिघडलेला ट्रक, कुणाचा तरी हलगर्जीपणा आणि माझ्या बापाचा बळी! मी पुढे सरसावले. “मग एवढं घाबरायला काय झालं?”

“घाबरतोय कोण?”

“तुम्ही.”

बर्निसबाईंनी माझ्या हाताला हलकेच चिमटा काढला आणि टेबलावर निसू ठेवली. वेलचीची ही गोड पावाची वेणी बघून फिनिश माणसाचं मन निम्मं तरी वितळतंच. गॉर्डीने एक तुकडा मोडला, चघळला आणि शेवटी बोलून टाकलं.

“त्या गाड्यांना किल्ली नसते. स्टिअरिंगला साखळी घालून कुलूप लावायचं. त्या दिवशी मी ते लावलं नव्हतं. लावलं असतं तर ट्रक निघालाच नसता, डेल जगला असता. कुणी विचारलं नाही, म्हणून मी बोललो नाही. आता विचारलंत.”

“एवढंच ना? त्याबद्दल तुला आता कुणी धरायला येणार नाही,” बर्निसबाई म्हणाल्या. “मला ट्रकबद्दल सांग. कुणाचा होता तो?”

“डेलचाच म्हणा ना. दुसरं कुणी चालवायचं नाही. त्याची सीट बिघडली होती. पार मागे जाऊन अडकली होती, हातोड्याने हाणली तरी हलेना. सुटा भाग मागवला होता, तो काही आलाच नाही. डेल माझ्यासारखाच लांबलचक, म्हणून त्याला चालायचं.”

“आणि तू ओढून आणलास तेव्हा?”

“तशीच. मीच आत बसून स्टिअरिंग धरलं होतं की, पुढून दुसरी गाडी ओढत होती.”

“मारिटा,” बर्निसबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “तुझा बाप पिकअप कसा चालवतो?”

“सीट पुढे घेऊन. आणि पाठीला उशी लावून.”

गॉर्डीचा घास तोंडातच राहिला. त्याने स्वतःचे लांब पाय न्याहाळले. मग पुटपुटला, “त्याचे पाय पोचलेच नसते. अरे देवा! क्लचपर्यंतसुद्धा पोचले नसते.”

“एवढी वर्षं तुमच्या लक्षात नाही आलं?” मी जवळजवळ ओरडलेच.

“त्याने कबूल केलं होतं, पोरी. आणि आम्हाला दिसली ती नुसती धूळ, आत कोण ते कुणालाच दिसलं नव्हतं. कबुली दिलेल्या माणसाचे पाय कोण मोजतो?”

४

गाडीत मी रडत होते आणि हसतही होते. बाबा ट्रक चालवत नव्हते! बर्निसबाईंनी मला मनसोक्त रडू दिलं, मग गोळ्यांची पुडी पुढे केली.

“अर्धंच सुटलंय. डेल चालवत होता, हे झालं. डेल का निघाला आणि अर्विड खोटं का बोलला, हे राहिलं. एवढ्यावर मंडळ म्हणेल, मग तुमचाच माणूस लबाड.”

डेलची बायको कॉलीन हिने नंतर दुसरं लग्न केलं. ती आता कॉलीन ट्रेंबले. तिचं केशकर्तनाचं दुकान आहे. मी त्या दुकानात आयुष्यात पाऊल टाकलं नव्हतं.

“ओयालाची पोर बाहेर थांबेल,” ती म्हणाली.

“थंडी आहे. दारात उभी राहील,” बर्निसबाई म्हणाल्या आणि सरळ खुर्चीत जाऊन बसल्या. “केस काप माझे. कापता कापता बोलू.”

कॉलीनने कात्री हातात घेतली. डेलबद्दल बोलायला मात्र तिला आग्रह करावा लागला नाही. तो तिकडे माणसांसकट जळलेल्या गाड्या रस्त्यावरून बाजूला करायच्या कामावर होता; पत्रांमधून हळूहळू विनोद गेले, मग पत्रंच थांबली. शेवटी एकदा फोन आला.

“काय म्हणाला?”

“खुशीत होता. फार दिवसांनी आवाज हसरा वाटला. म्हणाला, नदीला स्मेल्ट मासे चढायला लागतील तेव्हा मी घरी असेन. जाळं काढून ठेव, पोराला आपण खांद्यावर घेऊन जाऊ.” तिने आणखी एक बट कापली. “आणि दोन दिवसांनी त्या अर्विडने...”

“स्मेल्ट म्हणजे एप्रिल,” बर्निसबाई हळूच म्हणाल्या. “कॉलीन, फोन आला तेव्हा परत यायची तारीख लागली होती?”

“नाही. तारीख पुष्कळ नंतर लागली. उन्हाळ्यात...”

कात्री थांबली. आरशात मला कॉलीनचा चेहरा दिसत होता. तो हळूहळू पांढरा पडत गेला.

“निघा,” ती म्हणाली. “दोघी पण. आत्ताच्या आत्ता निघा इथून.”

बर्निसबाई अर्ध्या कापलेल्या केसांनिशी माझ्यासोबत रस्त्यावर आल्या.

५

कंपनीचे सार्जंट ट्रेगेंबो आता वृद्धाश्रमात असतात. आम्ही गेलो तेव्हा पत्त्यांचा डाव रंगला होता. माझा सगळा संशय याच माणसावर होता. बाबांसमोर कागद ठेवणारा हाच.

“ओयालाची काय तू?” त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “डोळे बापाचे. तोंड मात्र चालत असणार.”

“चालतं. तुम्ही त्यांना सही करायला भाग पाडलंत का?”

“बघ, म्हटलं नव्हतं!” ते हसले, पण लगेच गंभीर झाले. “भाग पाडलं नाही. उलट मी म्हणत होतो, वकील घे, थांब, खटला होऊ दे. त्याला घाई झाली होती. सही करायच्या आधी त्याने मला एकच गोष्ट विचारली.”

“काय?”

“‘डेलच्या बायकोला सगळं मिळेल ना?’ मी म्हटलं, का नाही मिळणार? पळणाऱ्याला अडवताना मेलाय, म्हणजे कामावर असतानाच मेलाय. हे ऐकून तो...” म्हाताऱ्याने पत्ते उलटे ठेवले. “समाधानाने हसला हो. खांदा मोडलेला, आयुष्याची माती होणार आणि पोरगा हसतोय! मला तेव्हाच कळायला हवं होतं. खरं सांगू? थोडं कळलंही होतं. पण डेलचं पोर पाळण्यात होतं. मी खोदत बसलो नाही.”

बाहेर आल्यावर बर्निसबाई गाडीच्या टपावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“आता जुळलं. फौजेतून पळताना सैनिक मेला तर तो कामावर मेला असं धरत नाहीत. बायकोला निवृत्तिवेतन नाही, पोराला शिक्षण नाही, शवपेटीवर झेंडा नाही. डेलचं डोकं फिरलं होतं, तो घरी निघाला होता. तुझा बाप आंघोळ करत होता. डोक्यातला साबणही न धुता धावला आणि चालत्या ट्रकवर चढला. अपघातानंतर दोघांपैकी एकच बोलायला उरला होता. तो जे सांगेल ते खरं ठरणार होतं.”

“आणि बाबांनी सांगताना दोघांच्या जागा बदलल्या,” मी म्हटलं.

“जागा बदलल्या. डेल झाला अडवणारा, अर्विड झाला पळणारा.”

६

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. स्वयंपाकघरात कॉफी निवत होती आणि त्यांच्या श्वासाची शिट्टी ऐकू येत होती.

“बर्निस, तू हुशार आहेस,” ते शेवटी म्हणाले. “पण यातलं काहीही मंडळाकडे गेलं तर मी उलट कळवीन की सगळं खोटं आहे.”

“बाबा!”

“तू गप्प बस, पोरी.”

“कॉलीनचं निवृत्तिवेतन तिच्या दुसऱ्या लग्नातच थांबलं,” बर्निसबाई म्हणाल्या. “आता कुणाचं काही जाणार नाही, अर्विड.”

“डेलच्या पोराचं जाईल, ट्रॅव्हिसचं. त्या मैदानावर त्याच्या बापाचं नाव आहे. तिथेच खेळून मोठा झाला तो.”

“डेल पळपुटा नव्हता रे, आजारी होता. आज असता तर त्याला औषध दिलं असतं, बेड्या नसत्या घातल्या. तेव्हा ते कुणाला कळत नव्हतं.”

“मला कळत होतं,” बाबा म्हणाले आणि खोकत उठून गेले.

त्या आठवड्यात मी रोज ठरवायचे की कॉलीनकडे जाऊन ओरडून सगळं सांगावं. आणि रोज माझा हात दाराच्या कडीवरच थांबायचा. बापाने ज्याच्यासाठी एवढं आयुष्य दिलं, ते मोडायचा हक्क मला होता का? बाबा उशा रचून बसल्या बसल्या झोपायला लागले होते.

रविवारी सकाळी दार वाजलं. बाहेर कॉलीन उभी होती. तिच्यामागे तिचा मुलगा ट्रॅव्हिस. लोखंडाचं खनिज वाहणाऱ्या बोटीवर तो नोकरी करतो; हिवाळा लागला की घरी येतो.

कॉलीन सरळ बाबांच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली.

“अर्विड, ट्रक डेल चालवत होता ना?”

बाबांनी मान खाली घातली.

“मला फोनपासूनच आतून माहीत होतं,” ती म्हणाली. “तो परत यायचं म्हणत होता आणि यायला तर कुणालाच मिळणार नव्हतं. मी तो विचार गाडून टाकला. तुझा राग करणं सोपं होतं. आता सांग. माझ्यासाठी नको, याच्यासाठी सांग.”

बाबांनी ट्रॅव्हिसकडे बघितलं. ट्रॅव्हिस त्यांच्या खुर्चीजवळ जमिनीवर टेकला, लहान पोर बसतं तसा.

“तो घाबरलेला नव्हता,” बाबा म्हणाले. “एवढं लक्षात ठेव. मी त्याला ट्रककडे जाताना बघितलं आणि चालण्यावरून ओळखलं की हा आता इथे नाही. धावलो, दाराला लोंबकळलो, आत चढलो. म्हटलं, डेल, थांब, आपण सगळेच जाऊ. तो हसत होता. म्हणाला, अर्विड, चल, मासे चढायला लागलेत, पोरगं वाट बघतंय. मग खड्डा आला.” त्यांना धाप लागली. “तुझ्याकडे यायला निघाला होता तो. पळून नव्हता चालला.”

मग कॉलीन वाकली आणि तिने बाबांचा हात दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावला. आमच्या लोकांत असं कुणी करत नाही. आम्ही साधी मिठीसुद्धा जपून मारतो.

७

त्यानंतर बाबांनी हरकत घेतली नाही. मंडळापुढची सुनावणी बर्निसबाईंच्या कचेरीतल्या पडद्यावर झाली. लुआन बोलली, गॉर्डी बोलला, साखळीचंही त्याने आपणहून सांगितलं. सार्जंट ट्रेगेंबो चाकाच्या खुर्चीत, छातीवर पदकं लावून आले. सगळ्यांत शेवटी कॉलीन बोलली.

“माझा पोरगा शिकला तो या माणसाच्या अब्रूवर,” ती म्हणाली. “ती याला परत द्या. आणि माझ्या डेलबद्दल जे खरं आहे तेच लिहा. तो आजारी होता आणि त्याच्या मित्राने त्याला एकटं मरू दिलं नाही.”

निकाल वसंतात आला. शिक्का बदलला. माझे बाबा सन्मानाने सेवामुक्त ठरले. पुढच्याच सोमवारी त्यांचे उपचार सुरू झाले. फुप्फुसं नवी होत नाहीत, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पण आता ते आडवं होऊन झोपतात, आणि त्यांचा शांत श्वास ऐकायला मी कधी कधी दारात उभी राहते.

बर्निसबाईंचे आभार कसे मानावेत ते मला कळेना. त्यांना मिठी मारून मी रडले, तेव्हा त्या म्हणाल्या, “पुरे गं, कॉलर भिजली.” आणि स्वतःच नाक पुसायला लागल्या.

गावाला मैदानाच्या पाटीवर डेलच्या जोडीला बाबांचंही नाव हवं होतं. बाबांनी साफ नकार दिला. “मला खेळता कुठे येतं?” म्हणाले. लोक तरी ऐकतात थोडेच. आमच्या दारात कुणी लाकडं रचून जातं, कुणी माशांची टोपली ठेवतं. लुआन दर शुक्रवारी पास्टी घेऊन येते आणि बाबांनी संपवेपर्यंत समोर बसून राहते. गिरणीतले ज्यांनी कधी बाबांशेजारी बसून डबा खाल्ला नाही, ते येऊन टोपी काढून उभे राहतात. बाबा म्हणतात, “बसा की, उभे कशाला?”

बोटी पुन्हा सुरू व्हायच्या आधी ट्रॅव्हिस एकदा एकटाच आला. ऑक्सिजनची नळी नाकाला लावून बाबा ओसरीवर उन्हात बसले होते. तो पायरीवर बसला आणि हातातली टोपी फिरवत राहिला.

“काका,” तो म्हणाला, “माझा बाप शूर होता हे मी लहानपणापासून ऐकतोय. कसा होता ते मला कुणीच सांगितलं नाही.”

बाबा त्याच्याकडे वळले.

“गायचा फार वाईट,” ते म्हणाले. “म्हणजे अगदीच वाईट. आणि थांबायचा नाही! एकदा तंबूत आम्ही सगळ्यांनी मिळून त्याच्या तोंडात पाव कोंबला. तर पाव खाऊन पुन्हा सुरू!”

ट्रॅव्हिस मोठ्याने हसला. बाबाही हसले, खोकले, नळी सारखी केली आणि पुढचं सांगू लागले. मी आत बटाटे सोलत होते. त्यांना एका दमात एवढं बोलताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी पाण्याचा नळ बंद केला, आवाज व्हायला नको म्हणून, आणि ऐकत उभी राहिले.